आधी कापड, मग भिंत, विमान सगळ्यात शेवटी: दोन देशांतल्या वस्त्यांच्या मुलांची चित्र-देवाणघेवाण कशी उभी करायची

असा उपक्रम काढायचा म्हटलं की पहिल्याच बैठकीत पहिला प्रश्न तिकिटांचा निघतो. किती मुलं न्यायची, विमानाचे पैसे कोण देणार, व्हिसाचं काय. अर्धं वर्ष त्यातच जातं. शेवटी पंधरातली चार मुलं कशीबशी जाऊन येतात, फोटो काढतात, आणि मागे राहिलेल्या अकरा जणांच्या मनात एवढंच उरतं की आपला नंबर लागला नाही. उत्तर फिलाडेल्फियात गेली काही वर्षं मी वस्तीतल्या भित्तिचित्रांच्या कामात लुडबुड करते आहे. हे मी एकदा नाही, दोनदा पाहिलं. म्हणून हा लेख उलट्या टोकाने लिहिते आहे: प्रवास झाला तर उत्तम, पण नाही झाला तरी काम पुरं होईल आणि प्रत्येक मुलाचा हात भिंतीला लागेल, अशी मांडणी पहिल्या दिवशीच करायची.

ही काही माझी एकटीची अक्कल नाही. मँचेस्टरच्या काँटॅक्ट नाट्यगृहाने २००२ मध्ये ‘काँटॅक्टिंग द वर्ल्ड’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात वेगवेगळ्या देशांतल्या तरुण नाट्यगटांच्या जोड्या लावत. महिनोन्‌महिने ते गट एकमेकांना वस्तू, फोटो, मजकूर पाठवत आपापलं नाटक रचत, आणि मग मँचेस्टरला भेटत. भेटीच्या वेळी ओळख जुनी झालेली असे. चित्रांसाठीही हीच रीत चालते. उलट चित्रांत एक सोय जास्त आहे, ती म्हणजे चित्र कापडावर रंगवलं की ते गुंडाळून टपालात टाकता येतं आणि पलीकडे भिंतीवर चिकटवता येतं.

उदाहरणासाठी एक जोडी धरून चालू: एक गट उत्तर फिलाडेल्फियातला, दुसरा कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या कोमुना १३ या विभागातला. तुमची जोडी बर्मिंगहॅम–नैरोबी असेल, नाहीतर रॉटरडॅम–रिओ. पायऱ्या त्याच, फक्त तपशील बदला.

ही दोन शहरंच का

फिलाडेल्फियात १९८४ साली महापौर विल्सन गूड यांनी भिंतींवरचं खरडणं थांबवायला एक खातं काढलं आणि त्यात जेन गोल्डन या तरुण चित्रकर्तीला नेमलं. तिने स्प्रेचे डबे घेऊन रात्री फिरणाऱ्या पोरांच्या हातात ब्रश दिले. १९९६ मध्ये त्याचा स्वतंत्र भित्तिचित्र कार्यक्रम झाला. आज शहरात त्यातून उभी राहिलेली चित्रं चार हजारांच्या घरात आहेत. इतक्या भिंती आल्या कुठून? इथली घरं एकाला एक चिकटून, रांगेत बांधलेली. कारखाने बंद पडले, माणसं गेली, मधलंच एखादं घर पडलं, की शेजारच्या घराची आंधळी भिंत तीन मजले उघडी पडते. म्हणजे इथलं बरंचसं चित्र पडलेल्या घराच्या जागेवर उभं आहे, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

मेदेयीनमध्ये उलट. डोंगरउतारावर विटेवर वीट चढवून लोकांनी स्वतः बांधलेली घरं. १९९१ साली या शहरात दर लाख लोकांमागे साडेतीनशेहून जास्त खून झाले होते. कोमुना १३ मध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये लष्कर-पोलिसांची ‘ओरियन’ मोहीम झाली, हेलिकॉप्टरं, रणगाडे, आणि मागाहून कितीतरी माणसं बेपत्ता. त्यातूनच हिप-हॉपची पिढी उभी राहिली. २००९ मध्ये मारल्या गेलेल्या कोलाचो या रॅपरच्या नावाने चालणारी ‘कासा कोलाचो’ ही जागा तिथल्या पोरांना रॅप, ब्रेकडान्स, ग्राफिती शिकवते आणि वस्तीची भिंत-सफर घडवते. २०११ च्या डिसेंबरात याच उतारावर सहा टप्प्यांचे, एकूण ३८४ मीटरचे उघड्यावरचे सरकते जिने बसले.

भाषेचं म्हणाल तर उत्तर फिलाडेल्फियाच्या फेअरहिल, नॉरिस स्क्वेअर या भागांत पोर्तो रिकोहून आलेल्यांची घरं खूप आहेत, १९७४ पासून चालणारं ताय्येर पोर्तोरिकेन्यो हे त्यांचं कलाकेंद्रही तिथेच आहे. म्हणजे गटात दोन-तीन मुलं तरी घरी स्पॅनिश बोलणारी मिळतात. घड्याळही जुळतं. हिवाळ्यात दोन्ही शहरांत एकच वेळ, उन्हाळ्यात फिलाडेल्फिया तासभर पुढे. जोडी ठरवताना लोक याकडे दुर्लक्ष करतात. लंडन आणि मेदेयीनमध्ये पाच-सहा तासांचं अंतर आहे. पंधरा वर्षांचं पोर शाळेतून सुटल्यावर संध्याकाळी चार ते सातच्या मधेच काय ते सापडतं, तेव्हा तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असतील तर दुसऱ्या महिन्यात कॉलवर फक्त मोठी माणसं उरतात.

जोडीदार गट पारखताना

वेबसाइट पाहून ठरवू नका. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारा, ‘तुम्ही ब्रश कुठे धुता?’ ज्यांच्याकडे खरंच मुलं येतात ते हसतात आणि फोन उचलून रंगाने बरबटलेलं सिंक दाखवतात. ज्यांच्याकडे फक्त प्रकल्प असतो ते म्हणतात, तशी व्यवस्था करता येईल. हा एक प्रश्न दहा पानी अर्जापेक्षा जास्त सांगतो.

त्याखेरीज तीन गोष्टी बघा. कुलूप-किल्ली स्वतःच्या हातात असलेली एक खोली. पुढची तीन वर्षं तिथेच राहणार असलेलं, मुलांना नावानिशी ओळखणारं एक मोठं माणूस. आणि तुमच्या येण्याआधीपासून चालू असलेलं काहीतरी काम, मग ते चित्रांचं नसलं तरी चालेल. ढोलाचा वर्ग असेल, फुटबॉल असेल, गच्चीवरची भाजी असेल.

आता एक कानपिचकी आपल्या लोकांना. फिलाडेल्फियाच्या उपनगरांत मराठी घरं पुष्कळ आहेत आणि अकरावी-बारावीतल्या मुलांना कॉलेजच्या अर्जासाठी सेवेचे तास हवे असतात. शनिवारी गाडीतून येऊन दोन तास रंगवायचं आणि फोटो काढून परत जायचं, हे करू नका. सार्वजनिक रंगकामाच्या दिवशी या, तिथे सगळ्यांना मुभा असते. पण देवाणघेवाणीच्या गटात यायचं तर वर्षभर दर आठवड्याला यायचं, आणि पहिले दोन महिने ब्रश धुवायचे.

एक पानाचा कागद

दोन्ही गटांत करार हवा, पण एकच पान, दोन्ही भाषांत, मुलांना वाचता येईल असा. त्यात एवढं यावं: चित्राचा विषय कोण ठरवणार (उत्तर: मुलं, दोन्हीकडची), अंतिम रेखाटनाला नाही म्हणायचा हक्क कोणाला (भिंतीसमोर राहणाऱ्यांना), मुलांचे फोटो कुठे वापरायचे आणि कुठे नाही, पैसे कुठून आले आणि किती, आणि देणगीदाराचं नाव भिंतीवर किती मोठं येणार. ही शेवटची ओळ हसण्यावारी नेऊ नका. भिंत पुरी झाल्यावर बोधचिन्ह मोठं करा म्हणून फोन येतो, तेव्हा हा कागदच कामाला येतो.

भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने चित्रकाराला आपल्या चित्राची मोडतोड अडवायचा काही हक्क आहे. त्यामुळे घरमालक सही करताना त्यातून सूट मागतो. ती द्यावी लागली तरी निदान पाडण्याआधी कळवण्याची मुदत लिहून घ्या. फिलाडेल्फियात मोकळ्या जागांवर नवी घरं उठताहेत आणि त्यांच्या मागे जुनी चित्रं कायमची झाकली जाताहेत. कोमुना १३ मध्ये मालक म्हणजे बहुतेकदा त्याच घरात राहणारी आजी. तिच्या सहीपेक्षा तिच्याकडे दोनदा कॉफी प्यायला जाणं महत्त्वाचं.

गट बांधणं

प्रत्येकी बारा ते पंधरा मुलं पुरे, वय साधारण चौदा ते एकोणीस. जास्त घेतली तर चार जण रंगवतात आणि बाकीचे फोन बघतात. चित्रकला येते का हे विचारून निवड करू नका, वेळेवर येतं का ते महिनाभर बघा.

भेटायची जागा ठरवताना मात्र सावध. मेदेयीनमध्ये ‘अदृश्य सीमा’ हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. एका टोळीच्या हद्दीतलं पोर दुसऱ्या हद्दीतल्या गल्लीत गेलं तर जीवावर बेतू शकतं, आणि ती रेघ नकाशावर कुठे दिसत नाही. उत्तर फिलाडेल्फियातही कोपरे वाटलेले असतात. म्हणून जागा ठरवण्याआधी प्रत्येक मुलाला एकेकट्याने विचारा की इथे येताना तुला कुठून वळसा घालावा लागतो. गटासमोर विचारलंत तर सगळे म्हणतील, काही अडचण नाही. ग्रंथालय, मेट्रो स्थानकाजवळची इमारत, अशा कुणाच्याच नसलेल्या जागा चांगल्या. कोमुना १३ मध्ये सान हावियेर स्थानकाजवळचं ग्रंथालय-उद्यान त्या दृष्टीने सोयीचं आहे.

पालकांची लेखी संमती घ्या, त्यांच्या भाषेत. खोलीत नेहमी दोन मोठी माणसं, एकटं कुणी नाही. दोन्ही गटांच्या सामाईक चॅटमध्ये दोन्हीकडचं एकेक मोठं माणूस असलंच पाहिजे. मुलांनी आडनाव, घराचा पत्ता, शाळेचं नाव टाकायचं नाही, आणि कुणा मोठ्याने कुणा मुलाशी खाजगीत बोलायचं नाही. नियम कडक वाटतात, पण मुलं ते लगेच पाळतात, कुरकुर होते ती मोठ्यांची.

वर्षाचं वेळापत्रक

फिलाडेल्फियाची शाळा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन जूनमध्ये संपते. मेदेयीनची जानेवारीत सुरू होऊन नोव्हेंबरात संपते, मधे जूनच्या मध्यापासून सुट्टी. म्हणजे दोघांनाही एकदम मोकळा वेळ मिळतो तो जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या पहिल्या दिवसांत. भिंतीवर कापड चढवायचं ते तेव्हाच. पाऊसही तेच सांगतो. मेदेयीनला पावसाचा जोर एप्रिल-मे आणि पुन्हा सप्टेंबरनंतर असतो, जून-जुलै त्या मानाने कोरडे. फिलाडेल्फियात मेआधी बाहेर काम करण्यात अर्थ नाही, पारा दहा अंश सेल्सिअसच्या खाली असला की ॲक्रिलिक रंग नीट धरत नाही.

मागे मोजत या. जूनअखेर भिंत, मे मध्ये पार्सल पोहोचलेलं हवं, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला ते निघायला हवं. फेब्रुवारी-मार्च रंगकाम. त्याआधी जानेवारीत रेखाटन पक्कं. आणि त्याहीआधीचे तीन महिने नुसते एकमेकांना ओळखण्यासाठी. या तीन महिन्यांत मेदेयीनची शाळा संपून सुट्टी लागते, नाताळात गट पांगतो. तेव्हा नेटाने चालू ठेवायचा हट्ट धरू नका.

रंगाला हात लावण्याआधीचे तीन महिने

या काळात ‘तुमच्या संस्कृतीबद्दल सांगा’ हा प्रश्न वर्ज्य. त्याला उत्तर म्हणून झेंडा, पदार्थ आणि नाच एवढंच येतं. त्याऐवजी बारीक, मोजता येण्यासारखी कामं द्या.

घरापासून बसथांब्यापर्यंत चालताना आवाज रेकॉर्ड करा, तीन मिनिटं, बोलायचं नाही. समोरच्या गटाने तो ऐकून ती गल्ली कागदावर काढायची. मग खरा फोटो दाखवायचा. जिन्यांच्या वस्तीतला आवाज ऐकून फिलाडेल्फियाची सपाट रस्त्यावरची मुलं काय काढतात ते बघण्यासारखं असतं. जिना त्यांच्या कल्पनेतच नसतो, दम लागलेला श्वास ऐकून त्यांना वाटतं कुणीतरी पळतंय.

दुसरं काम म्हणजे गल्लीचे दहा रंग. दाराचा, गंजलेल्या कुंपणाचा, दुकानाच्या छपराचा. रंगांच्या दुकानात फुकट मिळणाऱ्या नमुनापट्ट्या दारापाशी धरून जुळवायच्या आणि त्याला स्वतः नाव द्यायचं. कंपनीचं नाव नको, ‘मावशीचा जिना’ असलं काहीतरी. दोन्हीकडचे मिळून हे वीस रंग पुढे भित्तिचित्राची रंगपेटी होतात. भिंतीवरचा निळा कुणाच्या दाराचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तिसरं, शब्दकोश. मेदेयीनची पोरं मित्राला ‘पार्से’ म्हणतात आणि ‘तू’ऐवजी ‘बोस’ वापरतात, ते ऐकून पोर्तो रिकोच्या घरातली मुलं आधी खिदळतात. दोघांचीही भाषा स्पॅनिशच, पण इतकी वेगळी की भाषांतर करणाऱ्या मुलालाही विचारावं लागतं. ते चांगलंच आहे. भाषांतराचं काम मुलांनाच द्या आणि त्याचे तास धरा.

याच काळात एक अवघड बोलणं करून घ्यावं लागतं, भिंतीवर काय येऊ नये याचं. टोळ्यांचे रंग आणि खुणा, काही आकडे, काही हातवारे. आणि मेलेल्यांची नावं. दोन्ही वस्त्यांत मारल्या गेलेल्या पोरांची स्मरणचित्रं भिंतींवर आहेत. एखादं मूल म्हणेल, माझ्या भावाचा चेहरा काढू या. ते नाकारायचं नाही आणि लगेच हो पण म्हणायचं नाही. घरच्यांना विचारा, गल्लीतल्यांना विचारा, तो चेहरा तिथे दिसल्यावर कुणाला डिवचल्यासारखं होईल का ते विचारा. जुन्या स्मरणचित्रावर नवं चित्र तर कधीच नाही, रंग कितीही उडालेला असो.

कापडाचं तंत्र

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिलाडेल्फियातली कितीतरी भित्तिचित्रं भिंतीवर रंगवलेलीच नाहीत. पातळ, न विणलेलं पॉलिएस्टर कापड मिळतं, इथले लोक त्याला सरसकट ‘पॅराशूट क्लॉथ’ म्हणतात. त्याचे साधारण पाच फुटी चौकोन कापतात, त्यावर रेखाटन उतरवतात, प्रत्येक आकारात रंगाचा नंबर लिहितात. मग ते शाळेत, तुरुंगात, वृद्धाश्रमात, कुठेही टेबलावर रंगवून घेतात आणि शेवटी भिंतीवर वॉलपेपरसारखे चिकटवतात. परांचीवर चढू न शकणारी आजीसुद्धा त्यात रंगवू शकते. आपल्या कामाला याहून सोयीचं काही नाही.

मापं सेंटिमीटरमध्येच ठरवा. आम्ही पहिल्यांदा नुसतं ‘पाच फूट’ लिहिलं. पलीकडच्यांनी दीड मीटर धरलं. पाच फूट म्हणजे १५२.४ सेंमी. दर चौकोनाला २.४ सेंटिमीटरचा फरक कुणाला जाणवतो? सहा चौकोनांच्या रांगेत तो १४.४ सेंटिमीटर झाला आणि चित्रातल्या बाईचा हात मनगटापासून तुटून बाजूला गेला. तेव्हापासून मी असं करते: कापड पूर्ण रुंदीचं ठेवायचं, पण चित्राचा चौकोन १४० सेंमी, भोवती सहा-सहा सेंटिमीटरची पट्टी मोकळी. वीसास एक प्रमाण धरलं तर मूळ रेखाटनात हा चौकोन बरोबर ७ सेंमीचा होतो. आडवे सहा, उभे चार असे चोवीस चौकोन म्हणजे ४२ बाय २८ सेंमी, ए-३ कागदावर अचूक मावतं. भिंतीवर तेच ८.४ बाय ५.६ मीटर होतं. दोन मजली घराच्या बाजूच्या भिंतीला पुरेसं.

एकच रेखाटन, दोन भिंती, एक इकडे, एक तिकडे. म्हणजे चित्राच्या दोन प्रती, अठ्ठेचाळीस चौकोन. प्रत्येक गट चोवीस रंगवतो, बारा ठेवतो, बारा पाठवतो. कुठले पाठवायचे? डावी बाजू आमची, उजवी तुमची, असं करू नका, भिंतीच्या मधोमध सरहद्द उभी राहते. बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक वाटा. मग एकाच चेहऱ्याचा डोळा फिलाडेल्फियात रंगवलेला आणि नाक मेदेयीनमध्ये. दोन्हीकडचा हात वेगळा, थोडं जुळत नाही, आणि तेच बघायला लोक थांबतात.

रंग जुळवण्यासाठी कंपनीच्या नावांवर भरवसा ठेवू नका, एकाच ‘आकाशी’ नावाखाली चार वेगळे रंग मिळतात. डब्यावर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक असतो, तो जुळवा: पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटेनियम पांढरा, पीबी १५ थॅलो निळा, पीआर १०१ लोह-ऑक्साइडचा तांबडा, पीवाय ४२ लोह-ऑक्साइडचा पिवळा. या चारांतून वस्तीचे बहुतेक रंग निघतात आणि ते उन्हात टिकतातही. भडक गुलाबी आणि काही तेजस्वी लाल-पिवळे पटकन उडतात. मेदेयीन विषुववृत्ताजवळ, त्यात समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच, तिथलं ऊन रंग खातं. वर्षातले काही महिने सूर्य उत्तरेकडून आणि उरलेले दक्षिणेकडून येतो, त्यामुळे कुठलीच बाजू सावलीत नाही.

रंग प्रत्येक नंबराचा एकदाच, पुरेसा मिसळून ठेवा. अर्ध्यावर संपला तर पुन्हा तसाच जमत नाही. झाकणावर नंबर, आणि झाकणावरच त्या रंगाचा ठिपका. मोठ्या सपाट जागा नवख्यांना, कडा सरावलेल्यांना. मुलांनी नंबराबाहेर जाऊन काही काढलं तर ओरडू नका, फक्त चौकोनाच्या कडेपासून हातभर आत राहू द्या, म्हणजे शेजारच्या चौकोनाशी जुळणाऱ्या रेषा बिघडणार नाहीत.

पार्सल

दीड मीटर लांबीची नळी टपालाच्या मर्यादेत बहुतेक बसत नाही. म्हणून चौकोन रंगवून झाल्यावर मधून दोन तुकडे करायचे. सरळ रेषेत कापण्यापेक्षा एखाद्या आकाराच्या कडेने कापलं तर भिंतीवर सांधा दिसत नाही. मागे पेन्सिलीने क्रमांक, वरची बाजू दाखवणारा बाण. बाण विसरलात तर आकाशाचे दोन तुकडे उलटसुलट लावून बघण्यात अख्खी सकाळ जाते.

रंग बोटाला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही. निदान आठवडाभर टांगून ठेवा. ॲक्रिलिकच्या दोन रंगलेल्या बाजू एकमेकींना लागल्या आणि वर उष्णता-दाब आला की त्या चिकटतात, आणि ओढल्यावर रंग सालीसारखा निघतो. आमचे तीन चौकोन असेच गेले. प्रत्येक थरामध्ये प्लॅस्टिकचा पातळ कागद घाला, रंगलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, आणि गुंडाळी जाड नळीवर घ्या, घट्ट नको.

जकातीच्या फॉर्मवर खरं तेच लिहा, रंगवलेलं कापड, विद्यार्थ्यांचं काम, विक्रीसाठी नाही. किंमत मात्र शून्य टाकू नका, सामानाची खरी किंमत टाका. शून्याने संशय वाढतो. स्प्रेचे डबे आंतरराष्ट्रीय टपालाने जात नाहीत, कुणी हौसेने आत सरकवले तर पूर्ण पार्सल अडकतं. आणि प्रत्येक चौकोनाचा, नंबर दिसेल असा चांगला फोटो पाठवण्याआधी काढून ठेवा. गहाळ झालाच तर पलीकडच्यांना तो पुन्हा रंगवता यायला हवा.

भिंत

भिंत निवडताना आधी पावसानंतर जाऊन बघा. ओल कुठून येते, पोपडे कुठे सुटलेत, विटांवर पांढरा लोणा फुटलाय का. लोणा फुटलेल्या भिंतीवर कापड चिकटत नाही, चिकटलं तरी सहा महिन्यांत फुगतं. फिलाडेल्फियात उत्तरेकडची भिंत ओलसर राहते, दक्षिणेकडची भाजते, पूर्वेची सगळ्यात बरी. गिलावा करावा लागला तर तो खर्च आधी धरा. रिओच्या वस्त्यांत काम करणाऱ्या येरून कूलहास आणि द्रे उरहान या डच जोडीने २०१० मध्ये सांता मार्ता वस्तीतल्या चौकाभोवतीची ३४ घरं तिथल्याच तरुणांना शिकवून रंगवली, आणि पुढे हीच जोडी फिलाडेल्फियात येऊन जर्मनटाउन ॲव्हेन्यूवरच्या दुकानांच्या रांगा रंगवून गेली. त्यांच्या रिओच्या कामात पुढे घरांना आधी गिलावा आणि मग रंग, असा क्रम आला. घरात राहणाऱ्याला आधी गळती थांबायला हवी असते, चित्र नंतर. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

धुतलेल्या, वाळलेल्या, प्रायमर दिलेल्या भिंतीवर ओळंब्याने मधली उभी रेघ मारा आणि मधल्या चौकोनापासून बाहेर या. भिंतीला आणि कापडाच्या पाठीला ॲक्रिलिक जेल हा चिकट लेप लावायचा, कापड टेकवायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून कडेला हवा काढत न्यायचं. कडेची मोकळी पट्टी शेजारच्या खाली दाबायची किंवा धारदार पात्याने कापायची. शेवटी वरून संरक्षक थर. परांचीवर प्रशिक्षित मोठी माणसंच चढतील. मुलांनी खालच्या दोन रांगा लावायच्या आणि सांध्यांवरची जुळवाजुळव करायची. त्या दिवशी पलीकडच्या गटाला फोनवर चालू ठेवा, त्यांचाच चौकोन वर जाताना त्यांना दिसू दे.

पैसे

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. सामानाचे पैसे दोन्हीकडे सारखे ठेवा. मुलांना मानधन द्या, नुसतं प्रमाणपत्र नको. या वयाची मुलं शनिवारी दुकानात काम करून घरी पैसे देत असतात, तुम्ही त्यांचा तो वेळ घेताय. मानधनाचा दर डॉलरमध्ये सारखा ठेवायचा की स्थानिक मजुरीप्रमाणे? माझं मत स्थानिक दराच्या बाजूने आहे, कारण डॉलरचा दर दिला तर मेदेयीनमध्ये गटाबाहेरच्या मुलांशी तेढ येते. पण आकडे दोन्ही गटांना उघड सांगा. लपवलेत तर मुलं चॅटवर दहा मिनिटांत शोधून काढतात.

युरोपात राहणाऱ्यांसाठी एक वाट सरळ आहे. युरोपीय संघाच्या एरास्मस प्लस योजनेत १३ ते ३० वयोगटाच्या तरुण-भेटींना पैसे मिळतात, भेट ५ ते २१ दिवसांची आणि एकूण मुलं १६ ते ६० अशी अट असते. लॅटिन अमेरिकेशी जोडी लावायची तर ही योजना सहसा उपयोगी पडत नाही.

आणि मग, जमलं तर, प्रवास

इथे समानतेचा खरा कस लागतो. अमेरिकन पासपोर्टवाल्या मुलाला कोलंबियात ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. उलट दिशेने यायचं तर व्हिसाची फी, बोगोटाला जाऊन मुलाखत, आणि आपण परत येणार हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर. अठरा वर्षांच्या, पगाराची नोकरी नसलेल्या पोराला हे जड जातं. नकार आला तरी फी बुडते. म्हणून मुलांना आशा लावण्याआधी ही गोष्ट स्पष्ट सांगा, आणि पहिली भेट फिलाडेल्फियाच्या मुलांनी मेदेयीनला जाण्याची ठेवा.

तिकडे जायची तयारीही सोपी नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. वडील कुठे आहेत हे घरात कुणालाच माहीत नाही, अशी मुलं गटात असतात. त्यांच्यासाठी कोर्टाचे कागद जमवायला महिने लागतात, तेव्हा सप्टेंबरातच सुरुवात करा. कोलंबियाच्या अल्पवयीन मुलाला देश सोडताना सोबत नसलेल्या पालकाचं नोटरी केलेलं पत्र लागतं. राहण्याची सोय वस्तीजवळच, पण कुणाच्या घरात नको. पाहुणचार करणाऱ्या घरावर खर्चाचा आणि देखरेखीचा दोन्हीचा ताण येतो.

भिंत झाल्यावर

कोमुना १३ मध्ये आता पर्यटकांची रीघ लागते. सरकत्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, कानठळ्या बसवणारं संगीत, राहत्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून काढलेले फोटो. काहींना त्यातून रोजगार मिळाला, काहींना संध्याकाळी स्वतःच्या जिन्यावर बसायला जागा उरली नाही. घाटकोपरच्या असल्फा वस्तीत २०१७-१८ च्या सुमारास मेट्रोतून दिसणारी घरं रंगवली तेव्हाही हाच प्रश्न आला होता, की हे रंग मेट्रोच्या डब्यातून बघणाऱ्यासाठी की आत राहणाऱ्यासाठी. म्हणून भिंत ठरवतानाच गल्लीतल्यांना विचारा, नकाशावर टाकायची का? आम्हाला एका गल्लीने नाही म्हणून सांगितलं. ती भिंत आजही कुठल्या सफरीच्या यादीत नाही, आणि देणगीदार त्यावर खूष नव्हता.

डागडुजी कोण करणार हे नावानिशी ठरवा, दोन्हीकडे दोन-दोन मुलं. उरलेला प्रत्येक रंग छोट्या बरण्यांत काठोकाठ भरा, हवा राहिली तर साय धरते. झाकणावर नंबर, गल्लीने दिलेलं नाव आणि रंगाचा ठिपका. त्या बरण्या सिंकखालच्या कपाटात ठेवा, थंडीत गोठतील अशा गोदामात नको. पहिल्या वर्षातच कुणीतरी सायकल टेकवून खालचा कोपरा खरवडणार आहे.